‘कन्फर्म करून’ म्हणजे कोणी?

शुक्रवारची संध्याकाळ होती, पावणेसात वाजले होते. घणसोलीहून पनवेल गाडी पकडायची होती. बॅग पाठीवर, लॅपटॉप अर्धा मिटलेला, आणि उभ्या उभ्याच मी एक मेल टाइप केला. अख्खा मेल असा होता: ‘हाय टीम, ओल्ड बॅकअप्स कॅन बी रिमूव्ह्ड आफ्टर कन्फर्मेशन. प्लीज डू द नीडफुल.’ ‘टू’मध्ये टीमचा ग्रुप, ‘सीसी’मध्ये मॅनेजर आणि क्लायंटकडचे दोघं. कुठल्याही शब्दाखाली लाल रेघ आली नाही. सेंड केलं आणि पळालो. खारघरला उतरेपर्यंत विसरूनही गेलो.

सर्व्हरची डिस्क भरत आली होती, म्हणून जुने बॅकअप काढायचे होते. पण ते काढायच्या आधी क्लायंटकडून होकार यायला हवा होता. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. शनिवारच्या शिफ्टला आमच्या टीममधला सगळ्यात नवा पोरगा होता. सातारकडचा, नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झालेले, तेही कंत्राटावर. ‘कन्फर्मेशन’ याचा अर्थ त्याने असा घेतला की, फायली खरंच जुन्या आहेत ना, याची खात्री आपण करायची. आणि त्याने ती केली. प्रत्येक फायलीची तारीख पाहिली, एक्सेलमध्ये यादी केली आणि मग एकेक करून काढली. क्लायंटला महिनाअखेरीच्या हिशेबासाठी हवे असलेले तीन दिवसांचे बॅकअप त्यात गेले. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सोमवारी काय झालं असेल ते तुम्ही कुठल्याही ऑफिसात असाल तर ओळखाल. पण मला इथे त्या सोमवारबद्दल नाही, त्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. आपण कविता वाचतो, कादंबऱ्यांची समीक्षा करतो, वेब सिरीजच्या तिसऱ्या सीझनवर तावातावाने भांडतो. आणि दिवसातून पन्नास वेळा जे गद्य वाचतो-लिहितो त्याकडे साहित्यप्रकार म्हणून ढुंकूनही पाहत नाही. ऑफिसचा मेल हा माझ्या पिढीने सर्वात जास्त लिहिलेला गद्यप्रकार असावा. मग त्याचं एकदा तरी नीट वाचन व्हायला नको का?

तर वाचू या. ‘कॅन बी रिमूव्ह्ड.’ काढता येतील. कोणाला? वाक्यात माणूसच नाही. ‘कॅन’ म्हणजे परवानगी, की नुसती शक्यता? ‘आफ्टर कन्फर्मेशन.’ इथे एका अख्ख्या क्रियापदाचं नाम करून टाकलंय. ‘कन्फर्म करणे’ म्हटलं असतं तर कोणी करायचं, कोणाकडे करायचं, कधी करायचं असे प्रश्न आपोआप उभे राहिले असते. नाम झालं की प्रश्न मिटतात. कन्फर्मेशन ही जणू पावसासारखी आपणहून येणारी गोष्ट आहे. ‘ओल्ड’ म्हणजे किती दिवसांचे? आणि ‘नीडफुल’वर तर प्रबंध होईल. जे गरजेचं आहे ते करा, म्हणजे काय गरजेचं आहे तेही तुम्हीच ठरवा आणि चुकलं तर जबाबदारीही तुमचीच. दोन वाक्यांच्या मेलमध्ये चार फटी होत्या. त्यातल्या एकीतून तो पोरगा खाली गेला.

आपल्याकडे यावर ठरलेली प्रतिक्रिया आहे: मराठी मुलांचं इंग्रजी कच्चं. मला हे पटत नाही. माझ्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. आम्हाला इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी ‘कम्युनिकेशन स्किल्स’ आणि पुढे ‘बिझनेस कम्युनिकेशन अँड एथिक्स’ हे विषय होते. त्यात पत्राचा पत्ता कुठल्या कोपऱ्यात, ‘युअर्स फेथफुली’ कधी आणि ‘युअर्स सिन्सिअरली’ कधी, यावर मार्क मिळत. मलाही चांगले मिळाले होते. पत्र वाचणारा माणूस शनिवारी एकटा बसलेला असेल आणि त्याला तुम्हाला फोन करायची भीती वाटत असेल, हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

बरं, मराठीत लिहिलं असतं तर? महावितरणपासून महापालिकेपर्यंत कुठलीही सूचना काढून बघा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात यावी.’ हे तंतोतंत ‘डू द नीडफुल’च आहे. कळवतंय कोण? माहीत नाही. कार्यवाही कोणी करायची? जो उचित असेल त्याने. महाराष्ट्र राज्य झालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला शासनाने पदनाम कोश काढला, इंग्रजी हुद्द्यांना मराठी शब्द दिले. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपलं, हा किस्सा आजही सांगितला जातो. शब्द अवघड आहेत, संस्कृतप्रचुर आहेत, असा तो वाद होता. पण मला वाटतं खरी अडचण शब्दांत नव्हती. ‘अभियंता’ आज आपण सहज म्हणतो. रुळतात शब्द. रुळून गेली ती वाक्यरचना, जिच्यात करणारा माणूस लपून बसतो. कचेरीतून ती बँकेत गेली, बँकेतून आमच्या काचेच्या इमारतींत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जिथे पूर्वी केमिकलच्या कंपन्यांची धुराडी होती, तिथे आता आम्ही एसीत बसतो. ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणणारा मात्र आतून तोच जुना कारकून आहे.

आणि गंमत म्हणजे त्याच शुक्रवारी दुपारी याच विषयावर मी त्या पोराशी जेवणाच्या टेबलावर बोललो होतो. मराठीत. ‘ते डिस्कचं बघायला लागेल रे, क्लायंट हो म्हणाला की उडवू.’ हे वाक्य किती स्वच्छ आहे बघा. क्लायंट, हो म्हणाला की, उडवू. कोण, कधी, काय. पण तेव्हा त्याच्या हातात ताट होतं, समोर तिघं बोलत होते, त्याला ते ऐकूही गेलं नसेल. तेच मी कीबोर्डवर नेलं आणि त्याचं ‘ऑफिशियल’ भाषांतर केलं. भाषांतरात क्लायंट गळला.

साधारण याच सुमारास, म्हणजे ते प्रकरण ताजं असताना, वडिलांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. शिवाजी महाराजांनी सैन्याला बजावलं होतं की शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, वगैरे. खाली भगवा, वर सूर्योदय. दर १९ फेब्रुवारीला असे फॉरवर्ड येतात. एरवी मी अंगठा दाखवून पुढे गेलो असतो. पण डोक्यात मेलचा भुंगा होता, म्हणून मूळ पत्र शोधलं. शोधताना कळलं की या फॉरवर्डमध्ये दोन वेगवेगळी पत्रं एकत्र कालवलेली असतात. एक चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना राज्याभिषेकाच्या आगेमागे लिहिलेलं. दुसरं ५ सप्टेंबर १६७६ चं, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं. भाजीच्या देठाचा उल्लेख या दुसऱ्यात आहे. दोन्ही पत्रं सुविचार म्हणून लिहिलेली नाहीत. ती शुद्ध कामाची पत्रं आहेत. आजच्या भाषेत, ऑफिसचे मेल.

चिपळूणचं पत्र मी त्या आठवड्यात पाच-सहा वेळा वाचलं असेल. परिस्थिती अशी: सैन्याचा मुक्काम तिथे पडलेला, पावसाळा तोंडावर आलेला. पत्राची सुरुवात हुकुमाने होत नाही, शिल्लक काय आहे त्याने होते. दाभोळ सुभ्यात पागेसाठी, म्हणजे घोड्यांसाठी, पावसाळ्याची जी तरतूद केली होती ती छावणीमुळे बरीचशी संपली. तरी कारकुनांकडून आणि गडागडांवरून धान्य गोळा करून कशीबशी बेगमी केली आहे. म्हणजे आधी आकडा टेबलावर. आमच्या भाषेत ‘डिस्क इतकी भरली आहे’ हे पहिलं वाक्य.

मग खरी कमाल सुरू होते. तुम्ही आता मनाला येईल तसं दाणा-गवत मागून घोड्यांना चाराल, ते संपेल. संपलं की भर पावसात कुठून मिळणार नाही. घोडी उपाशी पडतील, मरायला लागतील. आणि ती मेली तर तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही मुलखाला त्रास द्यायला लागाल: कोणी कुणब्याकडून दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी, कोणी पाला. जे कुणबी कसेबसे जीव धरून घरात राहिले आहेत तेही निघून जातील. त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल परवडले. (हा माझा गोषवारा आहे. मूळ वाचा, त्याची लय वेगळीच आहे.)

इथे थांबून बघण्यासारखं बरंच आहे. एक तर क्रियापदं. जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला धनी आहे. तुम्ही चाराल, कोणी आणेल, कुणबी जातील. ‘गैरसोय होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं काही नाही. दुसरं, ‘कोणी’ची ती यादी. ‘रयतेस उपद्रव देऊ नये’ या चार शब्दांत ती उरकता आली असती, आणि वाचणारा प्रत्येक शिपाई मनात म्हणाला असता की, मी कुठे उपद्रव देतोय, मी तर फक्त चार फाटे आणले. यादीमुळे ती पळवाट बंद होते. फाटे आणणाराही त्यात आहे, पालाभाजी आणणाराही आहे. माझ्या ‘ओल्ड’ला नेमकी हीच यादी हवी होती.

पुढे आगीचा मजकूर येतो. कोणी शेकोटी करेल, कोणी भलत्या जागी चूल मांडेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. आसपास गवत पडलंय, वारा सुटलाय, हे ध्यानात न घेता. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील, गवताची एक गंजी पेटली की सगळ्या पेटतील. मग काही जणांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना हवी तेवढी ताकीद केली, तरी एक खण उभा करायला लाकूड मिळायचं नाही. शिक्षेने नुकसान भरून येत नाही, हे शिक्षा देण्याचा सगळा अधिकार हाती असलेला माणूस लिहितोय. आमच्याकडे प्रत्येक घोटाळ्यानंतर ‘रूट कॉज अ‍ॅनालिसिस’ नावाचा तक्ता भरतात. त्यातल्या ‘करेक्टिव्ह अ‍ॅक्शन’च्या रकान्यात बहुतेक वेळा कोणाला ताकीद दिली एवढंच लिहिलेलं असतं.

आणि मग तो उंदीर. रात्री घरात दिवा जळत राहिला तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोबाइल खाली ठेवला. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतोय, आणि तो विचार कागदावर उतरतोय. आम्ही ज्याला ‘एज केस’ म्हणतो तो हाच. हे तर सगळ्यांना कळतं, असंही पत्रात मध्येच येतं. कळतं, तरी लिहिलंय. मी शुक्रवारी संध्याकाळी ‘हे तर कळेलच’ म्हणून जे गाळलं, ते सगळं इथे आहे.

हे पत्र ‘शुद्ध’ मराठीतही नाही. हवालदार, कारकून, ताकीद, मुलूख, सगळे फारसी-अरबीतून आलेले शब्द त्यात नांदताहेत. त्याच काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही तयार झाला. त्याची थोरवी वेगळी. पण छावणीतल्या माणसाला लिहिताना त्याच्या कानावर असलेलाच शब्द वापरला आहे. तेव्हा इंग्रजी सुधारा म्हणणारे आणि मराठी शुद्ध करा म्हणणारे, दोघांनाही हे पत्र फारशी मदत करत नाही.

रामाजी अनंताच्या पत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात एकच चीज मला हवी आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाही त्याला बैल दे, पोटाला दाणे दे, आणि वसुली करताना वाढीदिढी न लावता फक्त मुद्दल, तेही त्याला तवाना होऊ देत हळूहळू घे. आणि यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. हा आकडा! सुभेदाराला आता वर विचारायची गरज नाही, त्याची हद्द ठरली. ‘रीझनेबल कॉस्ट’ नाही, ‘सब्जेक्ट टू अप्रूव्हल’ नाही. त्या काळच्या पत्रांच्या शेवटी एक छोटा शिक्का असे, ‘मर्यादेयं विराजते’, मजकूर इथे संपला, पुढे कोणी काही घुसडू नये. आमच्या मेलच्या शेवटी दोन ओळींच्या मजकुराखाली बारा ओळींची कायदेशीर सूचना असते. ती आजवर कोणी पूर्ण वाचल्याचं मला माहीत नाही.

हे सगळं मी उत्साहाने एका मैत्रिणीला सांगितलं. ती एचआरमध्ये आहे. ती म्हणाली, ‘अरे, राजाला स्पष्ट लिहायला काय जातंय? त्याला कोणाचा मेल येणार आहे?’

तिचं बरोबर होतं, आणि माझा अर्धा लेख तिथेच पडला. वरून खाली लिहिताना स्पष्टपणा स्वस्त असतो. तरीही बरेच वरिष्ठ तो करत नाहीत, हा भाग वेगळा. खालून वर लिहिणाऱ्याने काय करायचं? मेलमधला माणूस आपण मूर्खपणामुळे लपवत नाही. तो लपवल्याने आपण वाचतो. ‘सीसी’ हा साक्षीदारांचा पिंजरा असतो. ‘अ‍ॅज पर माय लास्ट मेल’ म्हणजे मी सांगितलं होतं, आता मर. ‘जेंटल रिमाइंडर’मध्ये जेंटल काही नसतं. या मेलचा खरा वाचक ‘टू’मधला माणूस नसतोच. उद्या काही बिघडलं तर थ्रेड उघडून बसणारा जो कोणी असेल, त्याच्यासाठी ते लिहिलेलं असतं. माझ्या ‘आफ्टर कन्फर्मेशन’चंही हेच होतं, हे मला उशिरा कळलं. ते शब्द त्या पोराला सूचना देण्यासाठी नव्हतेच. सीसीतल्या क्लायंटने ते वाचावं आणि ‘यांनी आमच्या परवानगीचा उल्लेख केला होता’ असं म्हणावं, म्हणून होते. पत्र लिहिलं एकाला, बोललो दुसऱ्याशी.

खालून वर लिहिलेल्या मेलची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या शाळांमधून अर्धीच सांगितली जाते. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं, कल्पना चावला आणि सहा जण गेले. आमच्या पिढीने त्यावर निबंध लिहिलेत. १६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाच्या सुमारास फोमचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला होता, आणि तो काही अभियंत्यांनी चित्रफितीत पाहिला होता. रॉडनी रोशा हा नासाचा अभियंता त्यांत होता. यान अंतराळात असतानाच पंखाचे फोटो मिळावेत म्हणून त्याने मेल केले, अक्षरशः विनवणी केली. नकार आल्याचं कळल्यावर २२ जानेवारीला त्याने एक सडेतोड मेल लिहिला: हे उत्तर चूक आहे, बेजबाबदारपणाच्या काठावरचं आहे. चौकशी अहवालात तो मेल छापलेला आहे. पण तो त्याने वर पाठवला नाही. प्रिंट काढून एका सहकाऱ्याला दाखवला. वरिष्ठांची साखळी ओलांडून जायला मन धजलं नाही.

त्याच दिवसांतली एक स्लाइडही अहवालात आहे, एडवर्ड टफ्टीने केलेल्या चिरफाडीसह. स्लाइडचं शीर्षक धीर देणारं. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा, प्रत्येक वेळी अर्थ वेगळा. आणि सगळ्यात तळाशी, बारीक टायपात, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात एक ओळ: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १९२० घनइंच, आणि ज्या चाचण्यांवरून अंदाज बांधला त्यातले तुकडे ३ घनइंचाचे. म्हणजे ६४० पट. ही भागाकाराची ओळ शीर्षक व्हायला हवी होती. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं, व्याकरणही शाबूत होतं.

आपल्याकडे चुकलेल्या संदेशाची दंतकथा म्हणजे ‘ध’चा ‘मा’. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ करणारी आनंदीबाई. ही गोष्ट आपल्याला आवडते, कारण तिच्यात एक खलनायिका आहे आणि एका अक्षरावर बोट ठेवता येतं. ऑफिसच्या मेलमध्ये असं बोट ठेवायला काही नसतं. कोणी काही बदललेलं नसतं. प्रत्येकाने आपापलं अंग काढून घेतलेलं असतं, बस्स.

मेल आता जुना झाला, सगळं चॅटवर चालतं, असं कोणी म्हणेल. चॅटवर काय चालतं ते मी रोज बघतो. ‘डन?’ ‘यस.’ काय डन, ते दोघांनाही वेगवेगळं माहीत.

माझ्या प्रकरणाकडे येतो. रूट कॉजचा तो तक्ता मलाच भरायचा होता. कारणाच्या रकान्यात मी ‘ह्यूमन एरर’ लिहिलं, कंसात ‘मिसइंटरप्रिटेशन ऑफ इन्स्ट्रक्शन’. परत तेच. चुकीचा अर्थ लावला गेला. कोणी लावला हे लिहिलं नाही, पण शनिवारी शिफ्टला एकटाच माणूस होता, त्यामुळे लिहायची गरजही नव्हती. अर्थ लावावा लागेल असं वाक्य कोणी लिहिलं, तो प्रश्न त्या रकान्यात मावत नव्हता. त्याच रात्री मी दुसरा मेल लिहिला. ‘माझ्या सूचनेत कोणाचं कन्फर्मेशन ते लिहिलेलं नव्हतं. त्याने जे केलं ते त्या वाक्याप्रमाणे बरोबर होतं.’ इंग्रजीत, पण कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी. लिहायला चार मिनिटं लागली. मॅनेजरचं नाव ‘टू’मध्ये घातलं आणि ड्राफ्टमध्ये ठेवला. तेव्हा अप्रेझलला तीन आठवडे होते. रोशाशी मी माझी तुलना करत नाही. तिथे सात जीव होते, आणि त्याने निदान आधी विचारून पाहिलं होतं. इथे तीन दिवसांच्या फायली आणि एका पोराचं कंत्राट.

कंत्राट वाढवलं नाही. त्याने शेवटच्या दिवशी सगळ्यांना तो नेहमीचा निरोपाचा मेल पाठवला, ‘इट वॉज अ ग्रेट लर्निंग एक्स्पीरियन्स’वाला, आणि खाली स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. रिक्षा सोडून आम्ही चालत गेलो. मी त्याला ड्राफ्टबद्दल सांगितलं. तो म्हणाला, ‘दादा, पाठवला असता तर तुमचंच नुकसान झालं असतं.’ मी त्यावर काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. ठाण्याकडे जाणारी गाडी आधी आली, तो गेला. अप्रेझल झालं, बरं झालं. ड्राफ्ट एका बुधवारी पाठवला, सात महिन्यांनी. मॅनेजरचं उत्तर आलं: ‘नोटेड. थँक्स फॉर शेअरिंग.’

आता मी मेलमध्ये नावं लिहितो. अमुक फायली, अमुक तारखेपर्यंतच्या, क्लायंटकडून अमक्याचा ‘येस’ आल्यावर तमुकने काढायच्या. ‘येस’ आला नाही तर हात लावायचा नाही आणि मला फोन करायचा, शनिवार असला तरी. मेल लांब होतात. मध्यंतरी वरून सूचना आली की टोन जरा सॉफ्ट ठेव, क्लायंटला ‘यू मस्ट रिप्लाय बाय थर्सडे’ रुक्ष वाटतं. मी ‘मस्ट’ काढला. गुरुवार ठेवला.

तो पोरगा हल्ली हिंजवडीत आहे. कायमची नोकरी, मोठी टीम. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एका मेलचा स्क्रीनशॉट होता, नाव खोडलेला. एका ओळीभोवती त्याने बोटाने लाल गोल काढला होता: ‘वी शुड एन्शुअर धिस इज टेकन केअर ऑफ.’ खाली त्याचा प्रश्न:

‘दादा, यातला वी म्हणजे कोण असेल?’

मी लिहिलं, ‘आत्ता फोन करून विचार.’

‘आत्ता? साडेदहाला?’

‘हो.’

दोन निळ्या टिका उमटल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: ‘केला. त्यांनाही माहीत नव्हतं. उद्या नऊला सगळ्यांना बसवलंय.’